लिपी गेली, भाषा उरली

इजिप्तच्या चित्रलिपीतला शेवटचा ज्ञात लेख इ.स. ३९४चा. पुढे चौदाशे वर्षे ती लिपी कोणालाच वाचता येईना. १७९९ साली रोझेटा येथे शिळा सापडली. तिच्यावर एकच फर्मान चित्रलिपीत, डेमॉटिक लिपीत आणि ग्रीकमध्ये कोरलेले. चौकटीतली राजांची नावे ग्रीक नावांशी ताडून यंग आणि शाँपोलियाँ यांनी काही अक्षरे ओळखली. पण १८२२ पासून शाँपोलियाँला शब्द उलगडत गेले ते कॉप्टिक येत होती म्हणून. कॉप्टिक म्हणजे त्याच जुन्या भाषेचे पुढचे रूप, तिथल्या चर्चमधल्या प्रार्थनेत टिकलेले.

आपल्या घरच्या पेटीतले मोडी कागद आपल्याला वाचता येत नाहीत. भाषा मात्र अजून आपल्या तोंडी आहे. ती आहे तोवर मोडी शिकून घेऊ या.