भिंत मिळवून देणारी क्युरेटर



रस्त्यावरच्या भिंतीवर भलंमोठं चित्र दिसतं,
त्याच्या कितीतरी आधी तिथे क्युरेटर येऊन गेलेला असतो.

जुलिया अंब्रोजी मूळच्या इटलीच्या.
भारतातल्या ‘स्टार्ट इंडिया’ संस्थेच्या त्या सहसंस्थापक आणि क्युरेटर.
या संस्थेने दिल्लीच्या लोधी कॉलनीत सरकारी वसाहतीच्या भिंती रंगवून घेतल्या.

मग २०१७ साली, मुंबईत, ससून डॉकवर याच संस्थेचं कलाप्रदर्शन भरलं.
मासळीचा वास, बर्फ, कोळणींची लगबग...
आणि भिंतीवर तिथल्याच कोळ्यांचे मोठाले फोटो!
मला हे फार मोलाचं वाटतं.

क्युरेटर आधी भिंत मिळवतो.
मालकाची परवानगी, रहिवाशांशी बोलणं, परांची, खर्चाची तजवीज.
होय, आधी भिंत. चित्रकार त्यानंतर.

दिल्लीला गेलात, तर लोधी कॉलनीत जरूर फिरा.
तिथे तिकीट लागत नाही.