शिळासप्तमी आणि माळव्याची माता



साहित्याच्या व्यासपीठावर डॉक्टरला बोलावल्यावर त्याने औषधांविषयी बोलू नये, हे मी जाणतो. आज मी 'देवी' या एका शब्दाविषयी बोलणार आहे. मराठीने हा शब्द मूर्तीला दिला तसाच रोगालाही दिला. देवी येणे, देवी टोचणे, देवीचे वण हे सारे आपल्या आजीच्या बोलण्यात होते. साठी ओलांडलेल्या अनेकांच्या दंडावर ती खूण अजून आहे. रोग मात्र गेला. भारत 1977 साली देवीमुक्त ठरला आणि 8 मे 1980 रोजी सारे जग. रोग गेला तरी ज्या देवीच्या नावावर तो होता, तिचा ओटा रिकामा झाला नाही.

राऊहून महूकडे निघा किंवा इंदूरकडे, जुन्या वस्तीच्या कडेला शीतलामातेचे ठाणे भेटतेच. पुष्कळदा त्याला शिखर नसते आणि नेमलेला पुजारीही नसतो. कडुनिंबाखाली ओटा आणि त्यावर हळदकुंकवाने माखलेला तांदळा, एवढेच देऊळ. राजवाड्याजवळच्या कापडबाजारालाही शीतलामातेचेच नाव आहे, आणि मानपूरजवळच्या धबधब्यालाही. संस्कृत स्तोत्रात ती गाढवावर बसलेली आहे. हातात केरसुणी व कलश, मस्तकावर सूप. शस्त्र एकही नाही. घर झाडायचे, धान्य पाखडायचे, पाणी भरायचे, हीच तिची आयुधे.

माळव्यात तिचा दिवस होळीनंतर सातवा किंवा आठवा. इथले लोक त्याला चैत्र म्हणतात, आपल्या पंचांगात तो फाल्गुन वद्य असतो. आदल्या रात्री रांधून ठेवायचे, सकाळी चूल पेटवायची नाही. उजाडण्यापूर्वी बायका थंड पाण्याचा लोटा आणि गार नैवेद्य घेऊन ओट्यावर जातात. देवीवरून ओघळलेले पाणी मुलांच्या डोळ्यांना लावतात, उरलेले घरात शिंपडतात. ही पूजा बायकांची, आणि मागणे एकच असते : लेकरे थंड राहोत.

तुमच्या पूर्वजांनी दक्षिणेहून येताना वेगळी शीतला आणली. ती श्रावण शुद्ध सप्तमीची. शिळासप्तमीची कहाणी आठवा. तिच्यात पुरळ नाही, ताप नाही. राजाने बांधलेल्या तळ्याला पाणी लागत नाही, म्हणून सुनेचा मुलगा बळी जातो. पुढे त्याच तळ्याच्या पूजेला ती काकडीच्या पानावर दहीभात घेऊन जाते आणि मूल तिला परत मिळते. माळव्याची माता ताप निववते, कहाणीतली माता पाण्यातून लेकरू परत देते. महिने वेगळे, कथा वेगळ्या, पण गार अन्न तेच आणि आईची धास्तीही तीच. ज्या घरांत आज दोन्ही सप्तम्या पाळल्या जातात, त्या घराचा इतिहास त्या दोन दिवसांत वाचता येतो.

या व्रतामागे मोठे विज्ञान आहे, असे हल्ली सांगतात. मला ते पटत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर रात्रभर उघडा राहिलेला भात पोटाला मानवेलच असे नाही. आम्हा जैनांच्या घरात तर शिळे वर्ज्यच. शेजारच्या बायकांबरोबर आमच्याही बायका ओट्यावर जायच्या, पण त्यांच्या डब्यात कोरडे, तळलेले पदार्थ असायचे. व्रताला विज्ञानाची कुबडी लागत नाही. वर्षातून एक दिवस चुलीला आणि चुलीपुढच्या बाईला विसावा मिळतो, एवढेही पुरे आहे.

आता माझ्या काळजीचा विषय. मराठीत गोवर वेगळा, कांजिण्या वेगळ्या, देवी वेगळ्या. इथल्या बोलण्यात मात्र अंगावर काही उठले की 'माता आली' म्हणतात. मग मुलाला वेगळे निजवतात, उशाशी कडुनिंबाचा डहाळा ठेवतात, येणाऱ्याजाणाऱ्याला आत घेत नाहीत, फोडणी बंद करतात. यातले वेगळे निजवणे आणि पाहुणे थांबवणे मी मोडू देणार नाही. साथीत तेच हवे. पण त्याबरोबर 'मातेवर औषध करायचे नाही' हेही येते, आणि तिथे मूल अडकते. देवीचा रोग संपला, गोवर संपलेला नाही. गोवरात न्यूमोनिया होतो, जुलाब लागतात, डोळे जाऊ शकतात. मुलाचा श्वास भराभर चालला, ते पाणी पिईनासे झाले किंवा सुस्त पडले, तर तिथीची वाट पाहायची नसते.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर आहे, म्हणून एक गोष्ट मीच सांगायला हवी. आमच्या साखरेच्या गोळ्या लसीच्या जागी नाहीत. जेन्नरने 1796 साली गायीच्या देवीची लस टोचली. आमच्या हानेमानने 'ऑर्गनॉन'मध्ये गायीची देवी आणि माणसाची देवी यांचे उदाहरण आपल्या बाजूने मांडले. मुंबईत 14 जून 1802 रोजी तीन वर्षांच्या एका मुलीला ती लस दिली गेली आणि तिथून ती हिंदुस्थानभर पसरली. आज गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांत सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

तुमच्या घरी कामाला येणारी बाई कधी म्हणेल, 'बच्चे को माता आई है.' तिला हसू नका आणि तिच्या देवीशी वादही घालू नका. तुमची पणजीही 'देवी आल्या' असेच म्हणत होती. एवढेच सांगा, 'ओट्यावर लोटाभर पाणी घालून ये, आणि तिथूनच मुलाला दवाखान्यात ने.' जी देवी हातात केरसुणी आणि पाण्याचा कलश घेऊन उभी आहे, ती या सल्ल्यावर रागावणार नाही.