माउलीची लेक आणि विसाव्याचा प्रश्न



वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्याच्या चांदूरबाजार तालुक्यात, माधान नावाचे एक गाव आहे. तेथील मोहोड घराण्यातील गोंदुजी आणि अलोकाबाई या दांपत्यास ६ जुलै १८८१ रोजी लोणी टाकळी या आजोळच्या गावी पुत्र झाला. मूल नऊ महिन्यांचे असताना त्याची दृष्टी गेली. चुकीच्या औषधोपचाराने ती गेली, असे चरित्रकार सांगतात. पुढे चौथ्या वर्षी आईचेही छत्र हरपले आणि मुलाचे संगोपन आजीकडे आले. हेच मूल पुढे प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज म्हणून विदर्भात आणि विदर्भाबाहेर वंद्य झाले.

शाळेची पायरी त्यांनी चढली नाही. अंधांसाठी लुई ब्रेलने १८२४ मध्येच लिपी सिद्ध केली होती; परंतु भारतीय भाषांसाठी ठरवलेली समान ब्रेल लिपी येण्यास १९५१ साल उजाडावे लागले. तेव्हा माधानच्या शेतकरी घरातील अंध मुलास अक्षराकडे जाण्याची वाट एकच होती, ती म्हणजे दुसऱ्याचा कंठ. कोणी वाचावे आणि यांनी ऐकावे. यांनी सांगावे आणि कोणी उतरून घ्यावे. या एका वाटेने त्यांनी वेदान्त, भक्तिशास्त्र, आयुर्वेद, इतकेच नव्हे तर डार्विन आणि स्पेन्सर या पाश्चात्त्य पंडितांची मतेही आत्मसात करून त्यांवर आपले विवेचन केले. मराठी, संस्कृत, व्रज आणि वऱ्हाडी अशा अनेक वाणींत त्यांची रचना आहे. 'संप्रदायसुरतरु', 'साधुबोध', 'मानसायुर्वेद' ही त्यांच्या ग्रंथांपैकी काही नावे. 'नावंग' नावाची एक सांकेतिक भाषाही त्यांनी निर्माण केली. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुणे येथे त्यांचा देह पडला, त्या वेळी त्यांचे वय अवघे चौतीस वर्षांचे होते.

त्यांचे नाव निघाले की सामान्यतः एक वाक्य हमखास उच्चारले जाते: "आंधळे असूनही केवढे कार्य केले!" मग ग्रंथांची मोजदाद होते. सव्वाशेहून अधिक ग्रंथ, सहस्रावधी ओव्या आणि पदे. वाक्य आदराचे आहे, यात शंका नाही. परंतु त्यातील 'असूनही' हा शब्द जरा थांबून तपासण्यासारखा आहे. डोळस ग्रंथकाराविषयी आपण 'डोळे असूनही' असे कधी म्हणत नाही. अधू शरीराच्या माणसास मान मिळतो तो त्याच्या कामाच्या राशीवर. जणू उणे असलेले इंद्रिय हे त्याच्या नावावरचे कर्ज आहे आणि प्रत्येक ग्रंथ म्हणजे त्या कर्जाचा एकेक हप्ता. ज्याच्यावर असे कर्ज बसवलेले असते, त्याला विसाव्याचा अधिकार कोण देणार?

हा प्रश्न गुलाबराव महाराजांच्या चरित्रात अधिक खोल जातो, याचे कारण त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजू. इ. स. १८९६ मध्ये मनकर्णिका नामक कन्येशी त्यांचा विवाह झाला होता. १९०१ मध्ये ज्ञानेश्वर महाराजांनी आपल्यास अनुग्रह दिला, अशी त्यांची श्रद्धा होती. तेव्हापासून ते स्वतःस ज्ञानेश्वरकन्या म्हणवू लागले. पुढे १९०५ च्या सुमारास त्यांनी श्रीकृष्णास पती मानले, कपाळी कुंकू लावले आणि गळ्यात मंगळसूत्र घातले. गोपीभावाने केलेल्या भक्तीला अद्वैत वेदान्ताची जोड देऊन त्यांनी जे तत्त्वज्ञान मांडले, ते मधुराद्वैत या नावाने ओळखले जाते. पुरुषदेहाने कुंकू-मंगळसूत्र धारण करून चारचौघांत वावरणे ही गोष्ट त्या काळच्या वऱ्हाडातील खेड्यात किती धैर्याची होती, याची कल्पना श्रोत्यांनी स्वतःच करावी.

आज अशा जीवनाकडे पाहताना समलिंगी, तृतीयपंथी, क्विअर असे शब्द ओठांवर येतात. शंभर वर्षांपूर्वीच्या एका भक्तावर यांपैकी एखादी चिठ्ठी डकवणे योग्य होणार नाही. त्यांनी स्वतःस जे म्हटले तेच प्रमाण मानावे आणि ते शब्द 'ज्ञानेश्वरांची कन्या' व 'कृष्णाची पत्नी' असे होते. परंतु त्यांच्या आचरणास केवळ रूपक म्हणून बाजूस सारणे हेही तितकेच अप्रामाणिकपणाचे होईल. विरहिणी आणि गौळणी पुरुष संतांनी पूर्वीही रचल्या होत्या. तेथे स्त्रीत्व वाणीपुरते होते. येथे ते कपाळावर आणि गळ्यात प्रत्यक्ष उतरले.

या महाराष्ट्रात ते उतरू शकले, यालाही कारण आहे. आपला वारकरी आळंदीच्या पुरुष संतास 'माउली' म्हणतो आणि पंढरीच्या देवास 'विठाबाई' म्हणून हाक मारतो. त्यात काही विपरीत आहे असे त्याच्या मनातही येत नाही. जेथे बाप्यास आई म्हणण्याची रीत सात शतकांची, तेथे एका अंध तरुणाने 'मी त्या माउलीची लेक' असे म्हटले, तर ते बोलणे परक्या मुलखातले ठरत नाही. घरातीलच एक दालन त्याने उघडले, इतकेच.

याच्या शेजारी दुसरे एक मराठी उदाहरण ठेवले म्हणजे भेद स्पष्ट होतो. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांनी रंगभूमीवर स्त्रीचे रूप असे उभे केले की घरंदाज स्त्रिया त्यांच्या नेसण्याचे आणि केशरचनेचे अनुकरण करीत. पण ते रूप पडदा पडेपर्यंतचे होते. पडद्याबाहेर लोकांनी त्यांच्याकडे एकच गोष्ट अखंड मागितली, ती म्हणजे गाणे. १२ मार्च १९११ रोजी 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता; त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली आणि तरीही त्यांनी भामिनीची भूमिका केली. ही कथा आपण त्यागाची म्हणून अभिमानाने सांगतो. त्या दिवशी त्या बापाने घरी बसून रडावे, असे त्यास कोणी का म्हटले नाही, हा प्रश्न मात्र आपण विचारीत नाही. पुढे कंपनीच्या कर्जाचा भार आला, उतारवयात पाय अधू झाले, तरी बैठकीत बसून त्यांचे भजन चालूच राहिले. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले आणि १५ जुलै १९६७ रोजी ते निवर्तले. त्यांच्या नावाचे पुण्यातील रंगमंदिर त्यानंतर, १९६८ मध्ये उघडले.

सातासमुद्रापलीकडे, मेक्सिको देशात, फ्रिडा काहलो नावाची चित्रकर्त्री होऊन गेली. तिचा जन्म १९०७ चा. सहाव्या वर्षी पोलिओने एक पाय बारीक झाला. १७ सप्टेंबर १९२५ रोजी बस आणि ट्राम यांच्या टकरीत पाठीचा कणा, कंबरेचे हाड आणि पाय मोडले. महिनोन् महिने ती पाठीवर निजून होती. आईने पलंगावर बसेल अशी चित्राची घोडी करवून घेतली, वर आरसा लावला गेला आणि त्या आरशात दिसणारे आपलेच मुख ती रंगवू लागली. तिने पुरुषांवर प्रेम केले तसे स्त्रियांवरही केले आणि तारुण्यातील एका कौटुंबिक छायाचित्रात ती पुरुषी पोशाखात उभी आहे. १९४४ मधील 'भग्न स्तंभ' या चित्रात तिने स्वतःच्या कण्याच्या जागी तडे गेलेला खांब काढला. एप्रिल १९५३ मध्ये मायदेशी तिचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले, तेव्हा डॉक्टरांनी अंथरूण सोडू नये असे सांगितले होते; तिने अंथरूणच प्रदर्शनात नेववले. त्याच वर्षी तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जुलै १९५४ च्या आरंभी, फुप्फुसाच्या आजारातून पुरती उठली नसताना, ती चाकांच्या खुर्चीतून एका राजकीय मिरवणुकीत गेली आणि १३ जुलै रोजी तिचे देहावसान झाले. वय सत्तेचाळीस.

नियतीने तिला पलंग दिला होता, विसावा दिला नव्हता. पडून राहणे आणि विसावणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्वराने पडलेला विद्यार्थी उद्याच्या परीक्षेच्या चिंतेत तळमळत असेल तर त्याला कोणी विसावलेला म्हणणार नाही. विसावा म्हणजे हिशेब मिटल्याची जाणीव. आता कोणास काही सिद्ध करून दाखवायचे नाही, हा भरवसा.

या दृष्टीने मधुराभक्तीकडे पाहिले तर तिच्यातील एक अर्थ विशेष जाणवतो. दास्यभक्तीत सेवा आहे आणि सेवेचे माप घेता येते. पत्नीभावात नाते आधी ठरते आणि कार्य नंतर येते. कृष्णाच्या गोपीस किती घागरी भरल्या म्हणून प्रेम मिळत नाही. लेकीचेही तेच. माहेरी आलेल्या लेकीस आई 'काय कमावून आणलेस?' असे विचारीत नाही; 'दमलीस का गं? जरा पड' असे म्हणते. ज्याचे डोळे गेले, आई गेली, त्या मुलाने पुढे आपल्यासाठी निवडलेली दोन्ही नाती मोजमापाबाहेरची होती, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चौतीस वर्षांतील ग्रंथांचा विस्तार पाहता त्यांच्या देहाला पुरेसा विसावा मिळाला, असे म्हणवत नाही. मनाला मात्र जेथे सोंग करावे लागत नाही अशी एक जागा त्यांनी शोधली होती, असे म्हणण्यास आधार आहे.

आणि सोंग हेही श्रमच आहेत. नागपूरसारख्या शहरात आजही असा एखादा तरुण किंवा तरुणी असेल, ज्याला घरात आपल्या प्रेमाविषयी बोलण्याची सोय नाही. बोलणे, चालणे, हसणे दिवसभर तोलून-मापून करावे लागते. त्यातच कान, डोळे किंवा पाय अधू असतील तर दुसरे ओझे येऊन बसते. मदत मागताना ओशाळे व्हावे लागते आणि मदत मिळाली की तिची परतफेड म्हणून काही अद्भुत करून दाखवावे लागते. असा माणूस चित्र काढतो, गातो, लिहितो, तेव्हा त्याची अर्धी शक्ती या दुहेरी ओझ्यातच खर्च झालेली असते. लोक त्यास आळशी म्हणतात. वस्तुतः तो दोन माणसांचे काम करून थकलेला असतो.

कायद्याने आपली पावले उचलली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांच्या लिंगओळखीस मान्यता दिली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा कलंक पुसला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पूर्वीच्या सात प्रकारांऐवजी एकवीस प्रकारच्या दिव्यांगतेची दखल घेतली. परंतु दुपारी दोन वाजता खोलीचे दार लोटून पडून राहण्याचा अधिकार कोणत्याही कलमात सापडणार नाही. तो घरच्या माणसांनीच द्यावयाचा असतो.

तो देण्यास फार मोठी साधने लागत नाहीत. दरवर्षी ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनी व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ देण्यापूर्वी, त्या कलावंतास त्या दिवशी येण्याची इच्छा व शक्ती आहे काय, हे विचारावे. त्याचा नकार आला तर तो कृतघ्नपणा मानू नये. मदत करणाऱ्याने आपली मदत बोलून दाखवू नये. गुलाबराव महाराजांना ग्रंथ वाचून दाखविणारे आणि त्यांचे शब्द टिपून घेणारे हात नसते तर त्यांच्या वाङ्मयातील फारच थोडे आपल्यापर्यंत पोहोचते. त्या अर्थाने ते परावलंबी होते आणि त्या परावलंबनात लाजण्यासारखे यत्किंचितही नव्हते. डोळस लेखकही छापणाऱ्यावर, कागद करणाऱ्यावर आणि स्वयंपाक करणाऱ्यावर अवलंबून असतो; त्याचे अवलंबन आपल्या डोळ्यांत भरत नाही, एवढाच भेद.

पालकांनी तर आणखी एका गोष्टीची काळजी घ्यावी. अधू मुलाने चित्र काढले की ते पाहुण्यांना दाखविण्याची घाई होते. ते चित्र काही दिवस त्याच्याच खोलीत राहू द्यावे. एखादा महिना त्याने कुंचल्यास हात लावला नाही, तर 'का रे, सोडून दिलेस काय?' असे विचारू नये. शेतकरी जमीन पडीक ठेवतो, ती तिचा ओलावा आणि कस परत यावा म्हणून; वऱ्हाडातील कोणत्याही कुणब्यास हे शिकवावे लागत नाही. आणि समजा, कस परत आला नाही, त्याने पुन्हा एकही चित्र काढले नाही, तरी ताटातील भाकरी आणि घरातील जागा यांत काही उणे होऊ नये. लेकीच्या नात्याची खरी कसोटी तेथेच लागते.