पांढरे पडलेले प्लॅस्टिक : गाडीचे आणि पाठीवरच्या पंपाचे



आज पिकाविषयी बोलणार नाही. ज्या मोटारसायकलीला दुधाची किटली अडकवून आपण सकाळी डेअरीला जातो आणि परत येताना तीच गाडी उसाच्या बांधाने वैरणीला घालतो, तिच्या प्लॅस्टिकविषयी बोलू. पुढचे काळे मडगार्ड राखेसारखे झालेले असते. बाजूच्या पॅनेलवर किटलीने ओरखडे काढलेले असतात. गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक आधी तेच बघते आणि भाव पाडते.

हे होते उन्हाने. उन्हातले अतिनील किरण प्लॅस्टिकचा वरचा थर फोडतात. बोट फिरवून बघा, पांढरी भुकटी लागते. हा मेलेला थर सुरुवातीला पातळ असतो, खालचा माल शाबूत असतो, म्हणूनच तो परत उजळता येतो. पुष्कळजण यावर डिझेल किंवा इंजिनाचे जळके तेल चोळतात. दोन दिवस काळे दिसते खरे, पण मग त्यावर धूळ बसते आणि तेल रबरी भागांना लागून ते फुगतात. तो उपाय नव्हे.

आधी प्लॅस्टिक ओळखा. भाग सोडवून आतल्या बाजूला बघा, पुष्कळदा इंग्रजी अक्षरे उठवलेली असतात. ‘पीपी’ असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. काळी, बिनरंगाची मडगार्डे बहुधा याचीच असतात. ‘एबीएस’ असेल तर ते कडक प्लॅस्टिक, बाजूची चकचकीत पॅनेले याची असतात. अक्षरे नसली तर कडेचा बारीक तुकडा पाण्यात टाका. साधे पीपी तरंगते, एबीएस बुडते.

काळ्या पीपीला उष्णता मानवते. भाग गाडीवरून काढा, साबणाने धुऊन पूर्ण वाळवा आणि हॉट एअर गनने चार-सहा इंचांवरून वारा द्या. हात सतत हलता ठेवा. पांढरेपणा जाऊन काळा रंग वर आला की लगेच पुढे सरका. गाडीवर असताना हे करू नका, शेजारी पेट्रोलची टाकी असते. चूल, स्टोव्ह, ब्लो लॅम्पही नको. मी स्वतः एकदा ब्लो लॅम्पने घाई केली आणि मडगार्डचा पापड झाला, तेव्हा हे अनुभवाचे बोल समजा! आलेला रंग कायमचा नव्हे. गाडी पुन्हा उन्हात राहिली की पुन्हा फिकटणार. गोठ्याच्या सावलीत जागा करा.

ओरखड्यांचे काम वेगळे. पॅनेल उलटे करून बघा. आतून-बाहेरून रंग एकच असेल तर रंग प्लॅस्टिकमध्येच आहे, तिथे घासता येते. नख अडकण्याइतका ओरखडा असेल तर ४०० नंबरचा वॉटर पेपर, मग ८००, १२०० आणि शेवटी २०००. कागद आणि पॅनेल दोन्ही ओले ठेवा, म्हणजे भुकटी नाकात जात नाही. नंतर मऊ फडक्याने रबिंग कंपाउंड. एखादा नंबर गाळलात तर आधीच्या कागदाच्या रेघा तशाच राहतात. खरबरीत नक्षीच्या प्लॅस्टिकवर मात्र कागद लावू नका, नक्षी जाईल. आतला रंग वेगळा असेल तर वरून रंग मारलेला आहे. तिथे नुसते कंपाउंड, आणि खोल ओरखडा असेल तर पेंटर.

मडगार्ड चिरले असेल तर चीर जिथे संपते तिथे तीन मिलिमीटरचे भोक पाडा, चीर पुढे जात नाही. पीपीला साधा गोंद धरत नाही. प्लॅस्टिक वेल्डिंग करून घ्या, नाहीतर तारेने शिवा.

आता पंपाकडे या. हे सगळे ऐकून कोणी पाठीवरचा फवारणी पंप उजळायला घेईल, म्हणून मुद्दाम सांगतो. गाडीचे मडगार्ड फुटले तर चिखल उडेल. पंपाची टाकी फुटली तर १६ लिटर औषध पाठीवर येईल. फवारणीची विषबाधा होऊन २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आणि मजूर दगावले. त्याला कारणे अनेक होती, पण औषध अंगाला लागणे किती महाग पडते ते आपण तेव्हा पाहिले.

पंपाला हॉट एअर गन दाखवू नका, आत मुरलेल्या औषधाची वाफ नाकात जाईल. घासूही नका. फक्त तपासा. पट्ट्याच्या कड्यांभोवती, तळाच्या कोपऱ्यांत आणि झाकणाच्या आट्यांशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसतात का बघा. अंगठ्याने दाबल्यावर कडकड वाजते का ऐका. मग साधे पाणी काठोकाठ भरून रात्रभर पट्ट्यांवर टांगून ठेवा, खाली कोरडे पोते अंथरा. सकाळी पोते ओले असेल, किंवा चिरा दिसल्या असतील, तर तो पंप संपला. एम-सील लावून आणखी एक हंगाम काढू, असे म्हणणारे भेटतात. ज्यांच्या पाठीवर तो पंप जातो ते बहुधा रोजगारी गडी असतात, हेही ध्यानात घ्या.

टाकून द्यायची टाकी तशीच ठेवू नका. कोणीतरी जनावरांच्या पाण्याला घेईल. हातमोजे घालून तीनदा धुवा, ते पाणी विहीर-ओढ्यापासून लांब, पडीक जागेत ओता. टाकीला दोन-चार भोके पाडा, आणि जाळू नका. पट्टे, नळी, नोझल चांगले असतील तर काढून ठेवा, नव्या पंपाला चालतील.