खोट्या नोटेची किंमत कोण मोजतो?



चलनाचा इतिहास हा राजे आणि बँका यांचा इतिहास म्हणून शिकवला जातो. तो फासावर गेलेल्या गरिबांचाही इतिहास आहे. फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या काळात, १७९७ साली, बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवले आणि एक व दोन पौंडांच्या नोटा काढल्या. कागदी चलन तेव्हा प्रथमच सामान्य श्रमिकांच्या हाती मोठ्या प्रमाणावर आले. ही नोट साधी, एकाच बाजूस काळ्या शाईने छापलेली असल्याने तिची नक्कल सोपी होती. १८२१ पर्यंत बनावट नोटांच्या गुन्ह्यांसाठी तीनशेहून अधिक माणसे फाशी गेली. त्यांत नोट बनवणाऱ्यांपेक्षा ती खपवणारे दरिद्री लोकच अधिक होते. १८१९ मध्ये व्यंगचित्रकार जॉर्ज क्रुकशँकने फासावर लटकलेल्या देहांची रांग दाखवणारी उपहासाची नोटच काढली. नोट सुधारण्याऐवजी जल्लादावर भिस्त ठेवणाऱ्या व्यवस्थेवरील तो घाव होता.

आज तो फास राहिलेला नाही. तंत्रही पुष्कळ पुढे गेले आहे. नाशिकच्या मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. जलचिन्ह, उठावाची छपाई, नोट तिरपी करताच हिरव्याचा निळा होणारा पाचशेच्या नोटेतील धागा, ही सारी प्रगती स्वागतार्हच आहे. परंतु ही चिन्हे पारखायची कोणी? बँकेपाशी यंत्र आहे. तिन्हीसांजेला कंदिलाच्या उजेडात भाजी विकणाऱ्या बाईपाशी केवळ थकलेले डोळे आहेत. तिने नोट बँकेत नेली, तर नियमानुसार तिच्यावर शिक्का बसतो, नोट जप्त होते, पावती मिळते. भरपाई मात्र मिळत नाही. दिवसाची कमाई गेली ती गेलीच.

भरपाई दिल्यास बनावट नोटांचा धंदा करणाऱ्यांचे फावेल, हा आक्षेप गैरलागू नाही. म्हणूनच ती एका व्यक्तीस वर्षाकाठी एका नोटेपुरती, आणि नोट स्वतःहून जमा करणाऱ्यासच द्यावी. प्रत्येक मंडईत नोट पारखण्याचे यंत्रही विनामूल्य उपलब्ध असावे. नोटेवरील वचन सरकारच्या हमीचे आहे. त्या वचनाच्या रक्षणाचा खर्च शेवटच्या हातावर लादणे म्हणजे जुन्या फासाचेच सौम्य रूप होय. या मागणीसाठी कार्यकर्त्यांनी बाजारा-बाजारांत लोकमत उभे केले पाहिजे.