वाट कोण दाखवतं? ‘झेल्डा’ मालिकेच्या तीन पिढ्या

व्हिडिओ गेमबद्दल बोलायला लागलं की बोलणं बहुधा चित्रांपाशीच अडतं. जुन्या गेममधली चित्रं ठोकळ्याठोकळ्यांची, नव्यातली सिनेमासारखी, म्हणजे प्रगती झाली, असं आपण ठरवून टाकतो. एवढ्यावरून त्या कलेबद्दल फारसं काही कळत नाही. म्हणून आज एकच मालिका घेऊ: क्योटोच्या निन्टेंडो कंपनीची ‘द लीजेंड ऑफ झेल्डा’. ती १९८६ साली सुरू झाली आणि अजून चालू आहे. बहुतेक भागांत कथेचा सांगाडा तोच असतो. हायरूल नावाचं राज्य, लिंक नावाचा तरुण, झेल्डा नावाची राजकन्या आणि गॅनन नावाचं संकट. सांगाडा तोच असल्यामुळे बाकी काय बदललं ते उठून दिसतं. माझं म्हणणं असं की पिढ्यान्‌पिढ्या इथे खरं बदलत गेलं ते एका प्रश्नाचं उत्तर: पुढे काय करायचं हे खेळणाऱ्याला कोण सांगतं? या कलेची गोडी लागायची तर नजर या प्रश्नावर ठेवायला हवी.

शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी घडवलेल्या १९८६ च्या पहिल्या भागाची सुरुवात पाहा. लिंक एका मोकळ्या जागेत उभा आहे. तीन बाजूंना वाटा फुटल्या आहेत आणि समोर एका गुहेचं काळं तोंड दिसतं. सूचना एकही नाही. गुहेत शिरलात तर एक म्हातारा तलवार देतो. नाही शिरलात तर निःशस्त्र भटकायलाही तुम्ही मोकळे. वरची भूमी १२८ पडद्यांची, आणि तिच्यात नऊ भुयारं दडलेली. त्यांतल्या बऱ्याच भुयारांत क्रम मोडूनही शिरता येतं. एखादं झुडूप मेणबत्तीनं जाळलं की खाली जिना निघतो, एखादा कडा बॉम्बनं फोडला की दार उघडतं. मात्र झुडूप कोणतं आणि कडा कोणता, याची खूण बहुतेक ठिकाणी नसते. म्हणजे वाट दाखवणारं गेममध्ये जवळजवळ कुणीच नव्हतं. ते काम सोबतची पुस्तिका, तिच्यातला अर्धवट नकाशा आणि मित्रांच्या गप्पा करत होत्या. या निर्मितीतलं धाडस मला आजही थोर वाटतं. पण शंभर झुडपांपैकी एक जाळायचं आणि ते ओळखायचा काही मार्ग नाही, हा रचनेतला उणेपणा आहे, आणि तो मान्य करायला हवा.

दुसऱ्या पिढीनं हा उणेपणा नेमका हेरला. १९९१ च्या ‘अ लिंक टू द पास्ट’मध्ये सुरुवातीच्या पावसाळी रात्री वाटांवर शिपाई उभे असतात. ते तुम्हाला अडवतात, आणि अडवता अडवता राजवाड्याकडे वळवतात. इथून मालिकेनं कुलूप आणि किल्ली यांचं शास्त्र उभं केलं. वाटेत जड शिळा दिसते, ती उचलता येत नाही. पुढे एका भुयारात बळ देणारे हातमोजे मिळतात, आणि ती शिळा तुम्हाला आपोआप आठवते. आठवण हीच इथली वाटाडी. या पद्धतीचा उत्कर्ष १९९८ च्या ‘ओकारिना ऑफ टाइम’मध्ये झाला. त्यातलं पहिलंच भुयार एका प्रचंड झाडाच्या पोटात आहे. खाली जमिनीवर कोळ्याचं जाळं ताणलेलं असतं. त्यावर चालून ते तुटत नाही. मग नजर वर जाते, मजले चढावेसे वाटतात, आणि अगदी वरून खाली उडी घेतली की देहाच्या भारानं जाळं फाटतं. या मालिकेला त्रिमिती जग तेव्हा पहिल्यांदाच मिळत होतं. त्या जगात उंची म्हणजे काय, हे एका शब्दाविना शिकवणारा हा धडा आहे. असा क्षण पकडता आला की गेमचा रसास्वाद सुरू झाला म्हणायचं.

रेडिओवर ध्वनीबद्दल बोललंच पाहिजे. ‘ओकारिना’तल्या मोठ्या मैदानासाठी कोजी कोन्डो यांनी आठ-आठ बारचे सुटे तुकडे रचले. गेम ते क्रम बदलून जोडतो. लिंक थांबला की संगीत शांत होतं, शत्रू जवळ आला की चढतं. खेळणाऱ्याच्या हालचालीला संगीत उत्तर देतं, आणि तेही एक प्रकारचं सांगणंच आहे.

पण शिकवण्याची ही हातोटी हळूहळू बोलघेवडी झाली. २०११ च्या ‘स्कायवर्ड सोर्ड’मध्ये फाय नावाची सोबतीण वारंवार मध्ये येते, नुकतंच दिसलेलं पुन्हा सांगते, इतकंच काय, कंट्रोलरची बॅटरी उतरत आल्याचीही वर्दी देते. जाळ्याच्या धड्यात खेळणाऱ्यावर जो विश्वास होता, तो इथे उरलेला नाही. २००० सालचा ‘मेजोराज मास्क’ या काळातला सुंदर अपवाद. तीन दिवसांचं चक्र पुन्हा पुन्हा फिरतं, गावातली माणसं आपापल्या वेळा पाळतात, आणि त्या वेळा ओळखणं हाच तिथला खरा खेळ.

मग २०१७ साली ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ आला. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी, निर्माते एइजी आओनुमा. या पिढीचं श्रेय कुणी यंत्राच्या ताकदीला देईल. तो आक्षेप पूर्ण टिकत नाही. निर्मात्यांनी या गेमच्या कल्पना आधी पहिल्या ‘झेल्डा’सारख्या दिसणाऱ्या सपाट, द्विमिती नमुन्यात तपासून पाहिल्या होत्या. बदल विचारातला होता. इथे वाट दाखवतात ते जगाचे नियम. लाकूड जळतं, गवताला आग लागली की गरम हवा वर उठते आणि छत्रीसारखं कापड धरून तिच्यावर स्वार होता येतं. वादळात अंगावर धातू असेल तर वीज पडते. एकच अडचण चार जण चार रीतींनी सोडवतात, आणि चौघंही बरोबर असतात.

यावर दुसरा आक्षेप येतो: खेळणाराच सगळं ठरवतो, तर कलाकारानं केलं काय? उत्तर सुरुवातीच्या पठारावर आहे. पठाराच्या सगळ्या बाजूंना तुटलेले कडे, त्यामुळे बाहेर पडता येत नाही. पण आत मोकळीक संपूर्ण. बर्फाळ डोंगरावर जायचं तर मिरच्यांचा झणझणीत पदार्थ रांधून खा, पेटती मशाल धरा किंवा उबदार कपडे मिळवा. टेकड्या मुद्दाम त्रिकोणी आकाराच्या ठेवल्या आहेत: चढा किंवा वळसा घाला, पलीकडचं काही तरी हळूहळू उघडं होतंच. शास्त्रीय गायनात रागाचे नियम पक्के असतात म्हणूनच बढत मोकळेपणानं होते. इथली रचना त्या जातीची आहे. १९८६ च्या मोकळिकीकडे हे नुसतं परतणं नव्हे. तेव्हा झुडूप जळेल की नाही हा नशिबाचा भाग होता, आता आग कशी वागेल हे आधी ओळखता येतं. जाळ्याच्या धड्यानं कमावलेलं कसब या पठारात मुरलेलं आहे. शस्त्रं मोडतात म्हणून अनेक जण चिडतात, पण तलवार मोडते तेव्हाच नजर उतारावरच्या दगडाकडे वळते. संगीतही इथे मागे सरलं आहे. पियानोचे विरळ स्वर, मध्ये वारा. ऐकायला जागा ठेवली आहे.

२०२३ च्या ‘टीअर्स ऑफ द किंगडम’नं आणखी पुढचं पाऊल टाकलं. वस्तू एकमेकींना चिकटवून गाडी, होडी, विमान बनवता येतं. छतातून आरपार वर जाण्याची शक्ती तर मुळात तपासणीसाठी निर्मात्यांनी स्वतःच्या सोयीला केलेली होती. ती त्यांनी खेळणाऱ्याच्या हाती दिली.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: या मोकळिकीत कथा विरते. ‘ओकारिना’त लिंक तलवार उपसतो आणि सात वर्षांनी जागा होतो, बाहेरचा गजबजलेला बाजार ओसाड झालेला असतो. हा धक्का बसतो, कारण त्याआधी तुम्ही काय काय पाहिलं हे रचणाऱ्याला ठाऊक होतं. २०२३ च्या गेममध्ये झेल्डाच्या आठवणी कोणत्याही क्रमानं सापडतात, आणि सर्वांत मोठं रहस्य कुणाला अगदी सुरुवातीलाच कळू शकतं. मग बाकीच्या आठवणींतली उत्कंठा जाते. जगाचे नियम मोकळे ठेवून काळाचा क्रम कसा राखायचा, हे मालिकेला अजून साधलेलं नाही. पुढचा भाग हाती येईल तेव्हा मी सर्वांत आधी तेच तपासणार आहे.