डोळ्यासाठी नव्हे, पट्टीसाठी

आज कोरा कागद, पेन्सिल, पट्टी आणि कंपासपेटी घेऊन बसा. पेटीत दोन गुण्ये असतात. त्यांतला लांबट, निमुळता, 30-60 अंशांचा गुण्या बाहेर काढा. 45 अंशांचा पेटीतच राहू द्या.

आपल्याला एक बंद खोका काढायचा आहे. लांबी 6 सेंटिमीटर, रुंदी 4, उंची 3. कागदाच्या खालच्या बाजूला फिकट आडवी रेघ मारा आणि तिच्यावर मधोमध टिंब द्या. हा खोक्याचा सगळ्यात जवळचा, खालचा कोपरा. त्यातून सरळ वर 3 सेंटिमीटरची उभी रेघ काढा. मग गुण्या आडव्या रेघेला टेकवून टिंबापासून उजवीकडे 30 अंशांनी चढणारी 6 सेंटिमीटरची रेघ काढा. गुण्या पालथा करून डावीकडे तशीच 4 सेंटिमीटरची. दोन्ही टोकांवर 3-3 सेंटिमीटरच्या उभ्या रेघा काढा. मधल्या उभ्या रेघेचा माथा दोन्ही बाजूंच्या माथ्यांना जोडा. आता त्या दोन बाजूंच्या माथ्यांपासून समांतर रेघा मागे न्या. जिथे भेटतील तिथे झाकण पुरं झालं. मोजा, 9 रेघा भरतील. खोक्याला कडा 12 असतात. मागे दडलेल्या 3 आपण दाखवत नाही.

ही झाली आयसोमेट्रिक आकृती. मधल्या उभ्या रेघेच्या माथ्याशी ज्या तीन रेघा मिळतात, त्यांच्यातला प्रत्येक कोन 120 अंशांचा आहे. म्हणून लांबी, रुंदी, उंची या तिन्ही दिशांना एकच माप चालतं. भूमितीच्या काटेकोर हिशेबाने तिन्ही कडा सारख्याच आखडतात, सुमारे 82 टक्क्यांपर्यंत. सगळ्या सारख्याच आखडतात म्हटल्यावर कारागीर ती घट सोडून देतो आणि खरं मापच घेतो.

खोका मागे थोडा फाकल्यासारखा वाटेल. रेल्वेचे रूळ दूर जाताना जवळ येतात, असं डोळा सांगतो. इथे मात्र समांतर रेघा समांतरच राहतात. निसर्गचित्र डोळ्याची बाजू घेतं, आयसोमेट्रिक पट्टीची.

ही रीत नीट मांडली केंब्रिजचे प्राध्यापक विल्यम फॅरिश यांनी. वर्गात दाखवायच्या यंत्रांच्या प्रतिकृती ते सुट्या भागांतून जुळवून घेत आणि व्याख्यान संपलं की उकलून ठेवत. मदतनिसांना त्या पुन्हा बिनचूक जोडता याव्यात, म्हणून अशी चित्रं हवी होती. त्यांचा यावरचा निबंध 1822 मध्ये छापला गेला.

दोन ठिकाणी नवशिका चुकतो. पहिलं म्हणजे, या तिन्ही दिशांपैकी एकीनेही न जाणारी तिरकी रेघ. 5 सेंटिमीटरच्या चौरसाचे दोन्ही कर्ण खरे तर सारखे, सुमारे 7.1 सेंटिमीटरचे, आकृतीत मात्र एक 5 चा होतो आणि दुसरा जवळजवळ 8.7 चा. तेव्हा अशी तिरकी रेघ पट्टीने मोजून काढू नका. आधी तिची दोन टोकं लांबी-रुंदी-उंचीच्या दिशांनी शोधा, मग जोडा. दुसरं म्हणजे वर्तुळ. ते इथे लंबवर्तुळ होतं. वर्तुळाभोवती बसणाऱ्या चौरसाचा आधी तिरपा समभुज चौकोन काढा आणि त्याच्या चारही बाजूंच्या मध्यांना स्पर्श करत वळण बसवा.

सरावासाठी उद्या याच खोक्याचा एक कोपरा कापलेला दाखवा. चित्र घरातल्या कुणाच्या तरी हाती द्या आणि तोंडाने काहीही न सांगता पुठ्ठ्याचा तसाच खोका करायला सांगा. खोका जमला, तर तुमचं चित्र बरोबर.